रात्रीची दावण: नाशिकच्या रानात घोड्यासह मुक्काम कसा करावा

नाशिकमध्ये घोड्यावर बसायला शिकवणारे आता बरेच झाले आहेत. दोन-तीन महिन्यांत माणूस दुडकीवर न उसळता बसायला लागतो. सहा महिन्यांत त्याला वाटू लागतं, चला, त्र्यंबककडच्या रानात एक रात्र काढू. इथंच हिशेब चुकतो. दोन दिवसांच्या सहलीत आपण खोगिरावर असतो फार तर सात-आठ तास. उरलेला सगळा वेळ घोडा कुठंतरी बांधलेला असतो आणि त्यातले बारा तास अंधाराचे असतात. रपेट सगळे शिकवतात, रात्र कुणी शिकवत नाही.

माझी पहिली रात्र वैतरणा धरणाच्या फुगवट्याजवळची. हरणी नावाची माझी घोडी, मी आणि एक मित्र. घोडं एकच होतं, आम्ही आलटूनपालटून बसत होतो. संध्याकाळी मी तिला मनगटाएवढ्या ऐनाच्या झाडाला सहा-सात हात दोर सोडून बांधलं. लांब दोर दिला म्हणजे बिचारीला मोकळं चरता येईल, ही माझी अक्कल. गाठही चांगली दोनदा आवळून निरगाठ मारली. रात्री कधीतरी रानडुकरं खालच्या अंगानं गेली. धाड्‌कन आवाज आला, टापा वाजल्या आणि मग काहीच नाही. बॅटरी मारून पाहिलं तर झाडाच्या जागी खड्डा.

उजाडल्यावर टापांचा माग काढत दोनेक किलोमीटर गेलो. पाड्यावरच्या एका गोठ्यात हरणी दोन बैलांच्या मधोमध उभी होती, झाडाचं मूळ अजून दोरीला लोंबकळत होतं. दोर मागच्या पायाला गुंडाळून खुरावरची कातडी सोलून निघाली होती. गोठ्याचे मालक, सत्तरीचे बाबा, शांतपणे तिच्यापुढं भाताचा पेंढा टाकत होते. मला म्हणाले, "बैल बघून आली ती. जनावर एकलं रात काढत न्हाई, दादा. तुम्ही दोघं तंबूत निजला, तिच्या जोडीला कोण व्हतं?"

जखम भरायला पाच आठवडे लागले. पुढचं सगळं त्या रात्रीनंतर शिकलेलं आहे.

परवानगीचं घोडं कुठं पेंड खातं

भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये 'गुरे' या शब्दाची व्याख्या आहे. त्यात गाय-म्हशींबरोबर हत्ती, उंट, घोडे, घोड्या, तट्टू, शिंगरं, खेचरं, गाढवं सगळी येतात. म्हणजे तुम्ही कितीही ऐटीत बसलेले असा, राखीव वनात शिरलात की कायद्याच्या लेखी तुम्ही गुरं घुसवलेली असतात. त्याच कायद्याच्या २६व्या कलमानुसार राखीव वनात गुरं घुसवणं, चारणं आणि आग लावणं हे गुन्हे आहेत. अभयारण्याला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागतो. तिथं नुसतं आत जायलाही परवाना हवा. घोटीपलीकडचं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य त्यात मोडतं. अंजनेरी आणि बोरगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत आणि पठारावर दुर्मीळ वनस्पती. तिथं घोडा नेऊच नका, परवानगी मिळत असली तरी.

मग जायचं कुठं? सोपा मार्ग असा, की रपेटीचा रस्ता गावरस्ते, गाडीवाटा आणि पाणंदींवरून आखायचा आणि मुक्काम कुणाच्या तरी मालकीच्या रानात करायचा. पहिने, वैतरणा, देवगाव, खोडाळ्याकडचा पट्टा यासाठी चांगला आहे. एका बाजूला डोंगर, मधे भातखाचरं, कडेनं झाडी आणि पाणी जवळ. डिसेंबरात खाचरं रिकामी झालेली असतात, मालक हरकत घेत नाहीत. पण विचारायचं, आणि मुक्कामाचे पैसे द्यायचे.

वाटेत वनखात्याचा तुकडा ओलांडायचा असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे मराठीत साधा अर्ज करा. त्र्यंबक, इगतपुरीकडचं रान पश्चिम नाशिक वनविभागात येतं. अर्जात तारीख, माणसं किती, घोडी किती, कुठून शिरणार, कुठून निघणार, मुक्काम वनहद्दीबाहेर कुणाच्या जमिनीत आणि आग करणार नाही हे स्पष्ट लिहा. तीन आठवडे आधी द्या आणि पोच घ्या. परवानगीची प्रत खिशात असू द्या. वाटेत भेटणारा वनरक्षक साहेबांना फोन लावत बसत नाही, कागद पाहतो. ज्या गावात उतरणार तिथल्या पोलीस पाटलांनाही आदल्या दिवशी फोन करा. रात्री कुठं टापा वाजल्या, बॅटऱ्या हलल्या तर गाव आधी त्यांनाच विचारतं.

किल्ल्यांचं एका वाक्यात सांगतो: हरिहरच्या कोरीव पायऱ्यांच्या आसपास घोडा न्यायचा नाही. पायथ्याच्या गावापाशी थांबवणंही सुट्टीच्या दिवशी नको, तिथं माणसांनाच उभं राहायला जागा नसते.

कधी जावं

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. इगतपुरीकडं पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, शेवाळलेल्या कातळावर लोखंडी नाल म्हणजे साबणावर पाय. श्रावणात, विशेषतः तिसऱ्या सोमवारी, ब्रह्मगिरीच्या फेरीला लाखांनी माणूस असतो. सिंहस्थाच्या पर्वकाळात तर त्र्यंबक रस्ता मनातूनच काढून टाका. मार्चपासून ऊन, वणवे आणि मोहफुलं वेचणाऱ्यांची लगबग.

नोव्हेंबर दिसायला सर्वांत देखणा, पण त्यात दोन त्रास आहेत. एक कुसळी गवत. वाळलं की त्याचे भाल्यासारखे काटे घोड्याच्या ओठांत, हिरड्यांत, डोळ्यांच्या कोपऱ्यांत शिरतात. दुसरा त्रास मोठ्या चावऱ्या माश्यांचा. पावसाळा सरताना त्या भरपूर असतात आणि त्यांच्यातून सर्रा नावाचा, रक्तातल्या परजीवीचा रोग घोड्याला होतो. मी स्वतः डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतरच निघतो. तोवर वनखात्यानं वणवा अडवायच्या जाळरेषा काढायला सुरुवात केलेली असते. परवानगी असेल तर त्या मोकळ्या पट्ट्यांवरून चालणं सगळ्यांत सुखाचं.

घोडा कोणता

जातीचा अभिमान बाजूला ठेवा. मारवाडी आणि काठियावाडी घोडी आपल्याकडं जास्त, ती चालतात. पण डोंगरात मला भीमथडी जास्त पटतात. बुटकी, कणखर, पायात पक्की. धनगरांचा वाडा रस्त्यानं जाताना दिसला तर थांबून पाहा. बाजेसकट अख्खा संसार पाठीवर घेऊन ती घोडी मेंढरांमागं निमूट चालतात आणि रात्री पालाशेजारी उभी राहतात. मी मुक्कामाची निम्मी अक्कल त्यांच्याकडून घेतली.

येवल्याच्या किंवा सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेलं घोडं त्याच महिन्यात रानात नेऊ नका. वरातीत नाचणारा घोडा तर मुळीच नको. तो बँडला, फटाक्याला भीत नाही, पण सागाच्या पातेऱ्याच्या कुरकुरीला असा बिचकतो की बसणारा पातेऱ्यात.

वजनाचा नियम पाळा. माणूस, खोगीर, पिशव्या सगळं धरून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत. ३५० किलोच्या घोडीला ७० किलो. खोगीर-झूल-पाणी यांतच दहा किलो जातात, म्हणजे बसणारा साठ किलोच्या आत हवा. नाशिकच्या मिसळीवर वाढलेल्या माणसाला हा आकडा जड जातो, मलाही गेला. वजन जास्त असेल तर थोराड घोडा घ्या, अंतर कमी करा, चढावर उतरून चाला. तंबू, चारा, भांडी पिकअपनं पुढं पाठवा. खोगिरावर सामान लादून निघण्याची हौस म्हणजे शब्दशः खोगीरभरती.

आणि घोडी दोन तरी हवीत. एकमेकांना ओळखणारी. माजावर आलेली घोडी आणि नर एकत्र नेऊ नका.

आधीचे सहा आठवडे

पहिल्या दोन आठवड्यांत चाल वाढवायची. एक दिवसाआड दीड-दोन तास, खडकाळ वाटेवर, बहुतेक चालच, मधे थोडी दुडकी.

तिसऱ्या आठवड्यापासून रात्र शिकवायची. तबेल्याच्या आवारातच दोन खांबांमध्ये दावण, म्हणजे डोक्याच्या वर ताठ ताणलेला दोर, बांधा आणि घोडी तिथंच ठेवा. पहिल्यांदा दोन तास, मग संध्याकाळभर, मग अख्खी रात्र. स्वतः शेजारी खाट टाकून झोपा. पहिल्या रात्री ती पाय आपटते, दोर ओढते, उकरते. तिसऱ्या-चौथ्या रात्री मान खाली सोडून एक मागचा पाय टेकवून उभी राहिली की समजा, जमलं. पायबंद वापरणार असाल तर तोही इथंच, मऊ मातीत, दिवसा शिकवा. पुढच्या दोन पायांत रुंद मऊ पट्ट्याचा पायबंद पहिल्यांदा घातला की घोडं उड्या मारतं, पडतंसुद्धा. ते कातळावर व्हायला नको.

याच काळात पाण्याचा एक डाव करून ठेवा. घोडी चवीच्या फार पक्क्या असतात, तबेल्यातल्या बोअरचं पाणी पिणारं घोडं ओढ्याच्या पाण्याला तोंड लावत नाही. आठवडाभर घरच्या बादलीत चिमूटभर गूळ घाला. मुक्कामीही तोच गूळ. फरक कळत नाही.

नालबंदाला निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी बोलवा. अगदी आदल्या दिवशी नाल ठोकला आणि एखादा खिळा खुराच्या जिवंत भागाजवळ गेला तर लंगड वाटेत कळते. धनुर्वात आणि रेबीजच्या लसी झालेल्या हव्यात, ग्लँडर्सची तपासणी वेळेवर हवी. हा रोग माणसालाही होतो आणि घोड्याला त्यावर उपचार देत नाहीत. गाडीतून नेण्यासाठी पशुवैद्यकाचा प्रवासयोग्यतेचा दाखला लागतो, तो त्याच भेटीत घ्या. पिकअपच्या तळाला रबरी चटई आणि वर वाळू किंवा भुसा, दोन घोड्यांमध्ये आडवा बांबू, गाडी चालवणारा आपल्या ओळखीचा. त्र्यंबकजवळच्या अंबोली घाटात ब्रेक दाबणारा माणूस मागं उभ्या घोड्याच्या पायांनी विचार करणारा हवा.

घरी असतानाच घोड्याचे आकडे लिहून ठेवा. शांत असताना नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप ३७.५ ते ३८.५ सेल्सिअसच्या दरम्यान. नाडी जबड्याच्या खालच्या कडेला आतून जाणाऱ्या शिरेवर बोटानं लागते. तिथं बोट ठेवायला आठ दिवस सराव लागतो, ऐनवेळी सापडत नाही.

रपेटीचा दिवस

पहिल्या दिवशी १५ ते १८ किलोमीटर पुरेत. घोडं चालीनं तासाला पाच-सहा किलोमीटर जातं, म्हणजे थांबे धरून चार-साडेचार तास. सातला निघालात तर ऊन चढायच्या आत बरंच अंतर जातं आणि मुक्कामी पोचून उजेडात दावण बांधायला वेळ उरतो. अंधार पडायला तीन तास असताना मुक्कामी हजर, हा नियम मी मोडत नाही.

पहिली वीस मिनिटं फक्त चाल. मग उतरून तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, पुन्हा आवळा. सकाळी घोडं पोट फुगवून घेतं, नंतर तंग ढिला पडतो. सपाट मातीत दुडकी. दोन घोड्यांमध्ये एका घोड्याची जागा. उतारावर उतरा आणि पुढं चाला, दोर हाताला गुंडाळू नका. सपाट कातळ आणि डांबर दोन्हींवर नाल घसरतो. शेवटचे दोन किलोमीटर पुन्हा चाल, म्हणजे पोचेपर्यंत घाम वाळतो.

शिरस्त्राण, टाचेचे बूट हे सांगायला नको. मोबाइल, शिटी आणि चाकू मात्र स्वतःच्या अंगावर ठेवा, खोगिराच्या पिशवीत नाही. घोडं पळालं तर पिशवीही पळते.

आता आपल्या भागातले खास धोके, कारण हे कुठल्या परदेशी व्हिडिओत सापडत नाहीत. रानडुकरांसाठी शेतकरी झटका मशीनची तार लावतात. ती बारीक असते, संध्याकाळच्या उजेडात दिसत नाही. शेताच्या बांधावरून घोडं नेऊच नका. दिंडोरी-निफाडकडून येत असाल तर ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत फवारण्या सारख्या चालू असतात. बागेच्या कडेचं हिरवंगार गवत औषधानं माखलेलं असतं, त्याला तोंड लावू देऊ नका. भाव पडला की रस्त्याच्या कडेला सडक्या कांद्याचे ढीग दिसतात. कांद्यानं घोड्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि पंडुरोग होतो. दोन कांदे खाल्ले म्हणून मरत नाही, पण भुकेलं घोडं ढिगापाशी सोडू नये. कण्हेरीची मूठभर पानंसुद्धा जीव घेतात. फार्महाउसच्या कुंपणाला हमखास कण्हेर असते आणि आपण तिथंच घोडं बांधून चहा प्यायला जातो.

आग्या मोहोळ हा मला बिबट्यापेक्षा मोठा धोका वाटतो. कड्यांना आणि उंच झाडांना पोळी लोंबत असतात. अत्तर लावू नका, खाली धूर करू नका, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर घोड्यावरून उतरत बसू नका, चौखूर सोडा आणि लांब जा. बांधलेला घोडा माश्यांच्या तावडीत सापडला तर वाचणं कठीण.

मुक्काम आणि दावण

पोचल्यावर आधी घोडी, मग आपण. तंग ढिला करा, खोगीर मात्र दहा मिनिटं पाठीवर राहू द्या. पाठ एकदम उघडी पडली की गार वाऱ्यानं आखडते. नाडी मोजा. अर्ध्या तासात ६४च्या खाली आली नाही तर आज जास्त ताणलं, उद्याचं अंतर निम्मं करा. पाणी चार-पाच घोट, थोडं फिरवणं, पुन्हा पाणी. घामाघूम घोड्याला पाण्याचा थेंब द्यायचा नाही ही जुनी समजूत सोडा. एका दमात बादलीभर नको, एवढंच. चंदी, म्हणजे दाणा, मात्र तासाभरानंतरच.

जागा निवडताना आधी वर बघा: वाळकी फांदी, मोहोळ. मग खाली: बिळं, दगड, काचा. फळांवर आलेल्या उंबराखाली बांधू नका, रात्रभर तिथं कोणी ना कोणी खायला येतं. पाण्यापासून किमान ६० मीटर दूर. जनावरं रात्री पाण्यावर येतात आणि आपली लीदही पाण्यात जायला नको.

मांडीपेक्षा जाड, जिवंत, साडेसात-आठ मीटर अंतरावरची दोन झाडं बघा. खोडाला गोणपाटाची घडी गुंडाळून त्यावर दोर घ्या, नुसता दोर सालीत रुततो. दोर बोटाएवढा जाड आणि न ताणणारा. उंची घोड्याच्या डोक्याच्या वर, साधारण सात फूट. ट्रकवाले ताडपत्री आवळायला जी गाठ मारतात तीच मारून दोर तारेसारखा ताठ करा. तुम्ही लोंबकळलात तरी वीतभरापेक्षा जास्त वाकता कामा नये. झाडापासून दोन-दोन मीटर सोडून दावणीतच दोन पक्के फासे करा आणि त्यांत फिरकीची कडी अडकवा. दोन घोड्यांत साडेतीन-चार मीटर अंतर राहतं: एकमेकांना बघता येतं, लाथ पोचत नाही.

मोरखीचा, म्हणजे घोड्याच्या डोक्याला घालायच्या बिनलगामी पट्ट्याचा, दोर या कडीला सुरगाठीनं बांधायचा. शेपूट ओढलं की सुटणारी ती सुरगाठ. माझ्या त्या रात्रीची निरगाठ सोडायला चाकू लागला होता. दोराची लांबी हाच सगळा खेळ आहे: मोरखीची कडी सरळ खाली सोडली तर जमिनीपासून दोन फुटांवर यायला हवी. एवढ्यात घोडं मान खाली घालून गवत खाऊ शकतं. याहून लांब दिला तर पाय दोरावरून पलीकडं जातो, आणि पुढं काय होतं ते हरणीच्या पायावर अजून पांढऱ्या केसांच्या कड्यानं लिहिलेलं आहे. मोरखी सुती किंवा चामड्याची. लगाम तोंडात ठेवून कधीही बांधू नका, झटका बसला की जीभ चिरते.

झाडंच नसतील तर आपली जुनी अगाडी-पिछाडी: मोरखीपासून दोन दोर पुढं तिरपे दोन मेखांना, मागच्या पायांचे दोर मागच्या मेखेला. पण याला सवयीची घोडी आणि दोन हात खोल ठोकलेल्या मेखा लागतात. मुरमाड जमिनीत मेख बसत नाही, काळ्या मातीत पाऊस झाला की निघते. नवख्यांनी दावणच करावी.

दावणीवर घोडं आडवं होऊ शकत नाही. ते उभ्यानं डुलकी घेतं, पण गाढ झोपेला त्याला आडवं व्हावंच लागतं. म्हणून सलग दोन रात्रींपेक्षा जास्त मी दावणीवर ठेवत नाही.

तंबू दावणीपासून दहा-बारा मीटरवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. चारा, चंदी, साखर-गूळ गाडीत किंवा घट्ट डब्यात. कुत्रं आणि शिंगरू सोबत नको. बिबट्या सगळ्या जिल्ह्यात आहे, पण त्याचं लक्ष आधी कुत्र्यावर जातं आणि कुत्रं पळत तुमच्याकडंच येतं.

पाळी लावा, दोन-दोन तासांची. पहिल्या रात्री मुद्दाम दिवे मालवून ऐका. कडबा चावल्याचा करकर आवाज, मधूनच लांब फुर्र, एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकताना नालाचा हलका टक. हे सगळं ठीक. एकाएकी चावणं थांबलं, दोन्ही घोडी मान उंच करून एकाच दिशेला कान रोखून उभी राहिली आणि नाकातून जोराचा फुत्कार आला, तर तिकडं कोणीतरी आहे. बॅटरी त्या दिशेला टाका, मोठ्यानं बोला, दावणीजवळ जाऊन उभे राहा. घोडी सोडू नका, सुटलेलं घोडं सरळ रस्त्यावर जातं आणि रस्त्यावर गाडी असते. जवळ जाताना आधी नावानं हाक मारा, उजेड डोळ्यांत नको.

शेकोटी? वनहद्दीत नाहीच. मालकाच्या शेतात, त्याच्या संमतीनं, नांगरलेल्या मोकळ्या जागेत लहानशी, आणि झोपण्याआधी पाणी ओतून राखेत हात घालून पाहायचं. मी गॅसची शेगडीच नेतो. जेवण पाड्यावर सांगून ठेवा. नागलीची भाकरी, उडदाचं भुजं आणि लसणाची चटणी, यापुढं आपलं नूडल्स काय घेऊन बसलात.

चारा-पाणी

दिवसाला घोड्याच्या वजनाच्या दीड-दोन टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे ३५० किलोला पाच ते सात किलो. घरचाच न्या: सवयीचं वाळलं गवत, ज्वारीचा चांगला कडबा, थोडा लसूणघास. तिकडं भाताचा पेंढा फुकट मिळतो, पण सवय नसलेल्या घोड्याला पोटभर घातला तर आतड्यात बसतो. चंदी नेहमीएवढीच, तोंडाला बांधायच्या तोबऱ्यात, दोन वेळा वाटून. "आज दमली बिचारी" म्हणून दुप्पट हरभरा घालू नका. घोड्याला ओकारी येत नाही, आत गेलेलं फक्त पुढंच जातं. पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर, घामाच्या दिवशी जास्त. चमचाभर मीठ चंदीत.

रात्री पारा दहाच्या खाली जातो. पाठ पूर्ण वाळली असेल तरच झूल घाला, ओल्यावर झूल म्हणजे आंबवणं.

बिघडलंच तर

पोटशूळ ओळखा: कुशीकडं वळून बघणं, उकरणं, वरचा ओठ मुडपणं, लोळायला जाणं, लीद बंद. चारा काढून घ्या, नाडी लिहा, सावकाश फिरवा, आणि लगेच पशुवैद्यकाला फोन. १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा क्रमांक आहे, पण निघण्याआधी घोड्यांचं काम करणाऱ्या एका डॉक्टरांशी बोलून ठेवलेलं बरं. घरगुती तेल-हिंग नळीनं पाजू नका, ते फुप्फुसात जातं. माणसाला साप चावला तर १०८, चावलेला भाग हलवायचा नाही, चिरायचा-बांधायचा नाही, थेट जवळचं सरकारी रुग्णालय. वन्यप्राण्याबद्दल वनखात्याचा १९२६. हर्सूल-खोडाळ्याकडं कितीतरी ठिकाणी रेंज नसते. मुक्कामापासून रेंजची सर्वांत जवळची टेकडी कुठली, हे संध्याकाळीच चालून बघा.

निघताना आणि घरी आल्यावर

सकाळी चारही पाय वर उचलून खूर साफ करा, हात फिरवून कुठं गरम लागतंय का बघा. तोंडात, ओठांच्या आतून कुसळं तपासा. खरारा करताना पाठीवर कुठं घोडं दचकलं तर खोगीर घालू नका, चालवत घरी न्या. लीद पातळ पसरून टाका, टापांनी उकरलेले खड्डे बुजवा, गोणपाट सोडा, सांडलेला चारा गोळा करा. जमीन ज्यांची आहे त्यांना बोलवून दाखवा, पुढच्या वेळी मग फोनवर काम होतं.

घरी आल्यावर घोड्याला दोन दिवस पूर्ण सुट्टी. मोकळं सोडलं की ते आधी धुळीत लोळतं आणि मग आडवं होऊन गाढ झोपतं, घाबरू नका. शेपटीखाली, कानांत, मांडीच्या आत गोचीड शोधा. पुढचे तीन आठवडे दिवसाआड ताप मोजून वहीत लिहा. ताप येतोय-जातोय, घोडं रोडावतंय, पोटाखाली किंवा पायांवर सूज दिसतेय असं झालं तर रक्त तपासायला द्या आणि डॉक्टरांना रानात गेल्याची तारीख सांगा.

दोर उन्हात वाळवून गुंडाळण्याआधी एकदा सबंध लांबी हातातून सरकवा. तुटलेला धागा बोटाला लागला तर तो दोर आता बादलीला.